गरम प्लग, थंडा प्लग

त्या चढावर हजर होतो ते आमी एवढे: मी, माही सासू, माहे मालक, माहा देर, आन् एक पटकेवाला बुढा आन् त्याची बुढी. बुढाबुढी आमच्या नात्यातले नोते, लग्नाले जाचं म्हनून रस्त्यात हात दाखवून जिपीत बसले होते. रिसोडचे शेटजी तठी नोते, पन त्याईनं सांगतलेली गोठ तठी खरी झाली, म्हनून त्याईलेबी धरा. बाकी कांद्याचे पोते आन् वांग्याचे टोपले.

चढाचं सांगाच्या आदी जिपीचं सांगा लागते.

आमचं घर भाजीपाल्याचं. रिसोडच्या अंगाले विहिरीवरचं बागाईत. वांगे, मिरच्या, कांदे, सांबाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, जुड्या. माल बैलगाडीनं बाजारात जाये. दुष्काळ सरला त्याच्या मागून मालकानं लिलावातली जुनी जीप आनली, पेट्रोलवाली. रंग उडालेला, एका बाजूचं दार नाई. माल न्याचा, वरून सवाऱ्या बसवाच्या. मंग पेट्रोल महाग झालं. सगळे करत तेच मालकानंबी केलं, टाकीत पेट्रोलासंगं घासलेट टाकनं चालू केलं.

घासलेटावर जीप चाले, पन खोकलत चाले. आन् प्लगाईवर काजळी बसे. प्लग म्हंजे काय ते ज्याले माहीत नाई त्याच्यासाठी लिहिते. इंजिनाच्या डोक्यात चार भोकं राहतात, त्यात चार प्लग आट्यानं कसलेले. बोटाएवढे. वरून पांढरी चिनी माती, बुडाशी लोखंडाची चोच. चोचीत ठिनगी पडते, तेल पेटते, गाडी चालते. चोच ओली असली, काजळीनं भरली, का ठिनगी मरते.

यावर आमच्याकडं एक रीत पडली होती. सकाळी प्लग खोलून घरात आनाचे, चुलीच्या निखाऱ्यावर भाजाचे, आन् गरम-गरमच फडक्यात धरून पुन्हा बसवाचे. ओल उडून जाये, जीप चट चालू होये. हे काम सुनेचं. पयली भाकर गाईची, मंग प्लग. सासू म्हने, घरच्या लक्षमीच्या हातचा इस्तव लागला पाह्यजे. प्लग जाताना ती त्याईले कुकवाचं बोटबी लावे.

मी सांडशीनं एकेक प्लग निखाऱ्यावर उभा करी, दाभनानं काजळी खरडी, राखेनं घासी. एकीकडं भाकर, एकीकडं प्लग. लाल व्हाच्या आदी काढा लागे, नाई तं चिनी माती तडकते. हे मले कोनी शिकवलं नाई. एक तडकला त्या दिवशी मालकानं तीच सांडशी माह्या मनगटावर टेकवली. ती गरमच होती. तवापासून कोनताबी प्लग तडकला नाई.

जीप चालू झाली तं जीप चांगली. नाई झाली तं माहा हात वाईट. असा हिशेब होता.

एक दिवस मालक पुढं उभे राहून इंजिन फिरवाचं हँडल मारत होते. इंजिनानं उलटा झटका देला आन् हँडल त्याईच्या हातावर बसलं. लोखंड हाडावर बसल्याचा आवाज चुलीपर्यंत आला. मी समजली. भाकर तव्यावरून उतरवून ठेवली, जळू नाई म्हनून. मालक आत आले. उजवा हात सुजून राह्यला होता, म्हनून डाव्यानं मारलं. भितीले इंजिनाच्या पंख्याचा जुना पट्टा टांगला राहे, रबराचा. रबर अंगाले चिकटते आन् सुटताना कातडं संगं नेते.

सासू दारातून म्हने, "हळू बापू, दुसराबी हात दुखन तुहा."

देर अंगनातून वरडला, "दादा, ठिनगी प्लगात पाह्यजे. वयनीच्या पाठीत कायले धुंडून राह्यला?"

"तू चूप बस बे. गाडी मी चालवतो."

"चालवतं कुठी? उभी तं हाय!"

देर हासला म्हनून मले आनखी पडले. त्यातली एक चापट कानावर बसली. डाव्या कानात शिट्टी वाजली ते आजपर्यंत वाजून राह्यली, त्या कानानं दुसरं काई ऐकू येत नाई. देराले मी मंग सांगतलं, "भाऊजी, तुमी माही बाजू घेत नोका जाऊ. तुमचा एक शब्द मले दोन पट्ट्याले पडते."

मले भेव होतं ते एवढंच का ह्या जिपीपायी माहा जीव जाईन. आमच्या बाजूच्या वाडीतली एक बाई तशीच गेली होती, विहिरीत. पाय घसरला म्हनले. धुनं धुताना मी तिची पाठ पाह्यली होती. मले वाटे, एखाद्या सकाळी जीप चालू होनार नाई आन् माहाबी पाय घसरन.

एकदा मी बाहेरची झाली. त्या दिवसात आमच्याकडं बाई गोठ्याच्या कोपऱ्यात बसे, चुलीले शिवे नाई, कोनी तिले शिवे नाई. प्लग सासूनं भाजले. चांगले भाजले, मी दुरून पाह्यलं, कुकूबी लावलं. मालकानं हँडल मारलं. जीप काई बोलेना. घाम निथळला, खांदे बदलले, जीप तशीच.

देर विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पानी पडते त्या दगडी टाक्यावर, बसला होता. तो म्हने, "आता कोनाले मारतं दादा? आईले?"

मालकानं हँडल फेकून मारलं. देर वाकला, हँडल थारोळ्यावर आपटून दूर गेलं. मंग दोघं भाऊ चिखलात पडले. एकमेकाचे गळे धरले. मिरचीचा वाफा पुरा लोळवला. सासू मधात पडली नाई, ती प्लगाईकडं पाहत होती. मंग म्हने, "माहा हात चांगला हाय. मी इतके वर्सं ह्या चुलीवर रांधलं. तिनं गोठ्यातून पाह्यलं आसन. विटाळशीची नजर."

मालक देराले सोडून गोठ्याकडं आले. पन मले शिवता येत नोतं, त्याईले विटाळ झाला असता, आन् त्या दिवशी बाजार होता. म्हनून ते दारातच थांबले आन् तठून ढेकळं मारले. वखरानं निघालेले मोठे, वाळलेले. मी गाईच्या आड झाली. एक ढेकूळ गाईले लागलं तशी सासू वरडली, "अरे गाय दुधाची हाय!" मंग त्याईनं नेम पाहून मारले.

तेवढ्यात माल वाळून चालला होता. शेवटी बैलगाडी जुंपली. चार दिवसानं मी डोक्यावरून पानी घेऊन घरात आली, आन् पुढच्या बाजाराले दोघं भाऊ नवे प्लग घ्याले रिसोडले निघाले. मलेबी भाजी विकाले संगं नेलं.

शेटजीचं दुकान पंपाच्या सामानाचं, पट्टे, वायसर, प्लग. जैन मानूस, घरात कांदा-वांगं चाले नाई, म्हनून मी त्याईच्या घरासाठी दोडके नेले होते. ते द्याले पायरीवर बसली. शेटजीनं दोन प्लग समोर ठेवले.

"हे पाहा भाऊ. आटे सारखे, लांबी सारखी, दोन्ही तुमच्या गाडीत बसतात. फरक आत हाय. याची आतली चिनी माती लांब, याची आखूड. लांबवाला गरमी लवकर सोडत नाई. चोच तापलेली राहते, काजळी आपोआप जळते. हा गरम प्लग. आखूडवाला गरमी लगेच इंजिनाले देऊन मोकळा होते. हा थंडा. बोजा किती राहते गाडीवर?"

देर म्हने, "जीप दिसत नाई एवढा."

"मंग थंडाच घ्या. जितका बोजा तितकी इंजिनात आग. उन्हाळ्यात गोधडी घेऊन झोपते काय कोनी?"

मालक म्हने, "थंडा काळा पडते. रोज सकाळी घरात तमाशा होते."

शेटजीनं माह्याकडं पाह्यलं. माह्या तोंडावर ढेकळाचा मार निळा-काळा दिसून राह्यला होता. त्याईनं नजर काढून घेतली.

"काळा पडते तो घासलेटानं पडते. घासलेट बंद करा. प्लगाचा कायले दोष?"

"शेटजी, तुमी वांगं खात नाई. आमी तुमाले वांग्याची भाजी शिकवाले येतो काय?"

"नाई."

"मंग आमाले जीप नोका शिकवू. गरमवाले चार द्या."

शेटजी हासले, चार काढून देले. पन देता देता म्हने, "घ्या बाप्पा. पन एक ऐका. पुऱ्या बोज्यावर चढ लागला आन् इंजिन ठोकाले लागलं, का तठीच थांबजा. नाई थांबले तं पिस्टनले भोक पडन." पिस्टन म्हंजे इंजिनात खालीवर होनारा गट्टू, त्याच्यावरच गाडीचा जोर राहते. हे देरानं मले वापस येताना सांगतलं.

ते प्लग मालकानं सोताच्या हातानं बसवले. सासूनं कुकू आनलं तं म्हने, "याले काई लागत नाई, हे सायबी प्लग हाय." आन् खरंच, दुसऱ्या सकाळी पयल्या हँडलात जीप चालू. तिसऱ्याबी. प्लग चुलीकडं येनंच बंद झालं. माही पाठ सुकली. खपल्या गेल्या. मी भाकरी भाजताना निखाऱ्याकडं पाही आन् तठी नुसते निखारे राहत. सासू म्हने, "पाह्य, मशीनीलेबी तुह्या हातापासून सुटका पाह्यजे होती." मी म्हनली, "हो आत्याबाई." मले काय, सुटका झाली होती.

उन्हाचे दिवस आले. इंझोरीले सासूच्या माहेरचं लग्न निघालं. कांदे-वांगे आमीच पोचवाचे ठरलं. पोत्यावर पोतं रचलं. पुढं मालक आन् सासू, मांगं मालावर मी आन् देर. रस्त्यात ते बुढाबुढी बसले, बुढ्यानं लग्नासाठी नवा पटका बांधला होता. ऊन असं का लोखंडाले हात लावनं मुश्किल.

मानोऱ्याच्या अलीकडं चढ लागला आन् इंजिन ठोकू लागलं. खड-खड-खड, जसं पत्र्याच्या डब्यात गिट्टी हालवावं.

"दादा, ठोकून राह्यली. थांब."

"थांबलो तं एवढा बोजा पुन्हा उचलन काय ते? चढू दे."

"शेटजी काय म्हनला होता?"

"शेटजी बसला दुकानात पंख्याखाली!"

बुढा म्हने, "पोरा, आमी उतरतो. पायानं येतो वरपर्यंत."

"बसा चुपचाप, बुढेबा."

मालकानं पाय आनखी दाबला. खडखड वाढली आन् जोर कमी झाला. करपल्याचा वास आला. जीप पायी चालनाऱ्याच्या गतीनं आली. आता मालकाले भेव वाटलं, त्याईनं चाबी काढून घेतली. चाबी हातात, तरी इंजिन चालूच. धडधड धडधड. बुढीनं हात जोडले, "भूत भरलं माय याच्यात." देर वरडला, "भूत नाई, प्लग लाल झाले आत! ठिनगी नसली तरी तेल पेटून राह्यलं!"

मंग फुटल्यासारखा आवाज झाला. निळा धूर आला. जीप मांगं घरंगळाले लागली. मालकानं ब्रेकवर उभं राहून पाह्यलं, बोजा ऐके नाई. मांगचं चाक नालीत गेलं, जीप आडवी कलंडली. पोते सुटले. मी कांद्यासंगं खाली आली, एक पोतं माह्या पायावर. सासूचं कपाळ काचेच्या चौकटीवर आपटलं. कांदे सारे चढावरून खाली पळत गेले, एकामागं एक, जसे मेंढरं.

जित्ते सगळे होते. मालक उतरले. जिपीकडं त्याईनं पाह्यलं नाई. सीटखालचं हँडल काढलं आन् माह्याकडं आले.

"तू बसली होती मांगं. तुही नजर."

मी पायावरचं पोतं ढकलून राह्यली होती. पयला फटका खांद्यावर बसला. आत काई तरी मोडलं ते मले समजलं, हात आपोआप खाली लोंबला. दुसरा फटका डोक्यावर आला असता. मी डोळे मिटले नाई. मले वाटलं, हे तेच. विहीर नाई तं चढ.

देरानं मधात तोंड घातलं आन् हँडल त्याच्या जबड्यावर बसलं. दात पडले. तो पडला नाई. त्यानं मालकाच्या पोटात डोकं मारलं, दोघं कांद्यावर पडले, उठले, पुन्हा पडले. बुढ्यानं मालकाले मागून धरलं. त्या मानसात जोर होता, त्या वयातबी.

देर रक्त थुंकत जिपीपाशी गेला. बोनट उघडलं. बुढ्यानं एका हातानं मालकाले धरून दुसऱ्या हातानं डोक्याचा पटका काढून देला, नवा, लग्नाचा. देरानं तो हाताले गुंडाळला आन् पान्यानं प्लग खोलला. पटक्याचा धूर निघाला. प्लग घेऊन तो रस्त्याच्या कडंले गेला, जठी सासू पदर कपाळाले लावून बसली होती.

"आई, पाह्य."

प्लग चुन्यासारखा पांढरा झाला होता. चोच नोतीच, वितळून गेली होती. चिनी मातीवर पिस्टनच्या धातूचे बारीक-बारीक मनी चिकटले होते, मोहरीएवढे.

"हा वयनीच्या चुलीत गेला होता काय कधी?"

सासू म्हने, "नाई."

"तिनं हात लावला होता?"

"नाई."

"कोनं बसवला?"

सासूनं पदर काढला. कपाळाचं रक्त डोळ्यात गेलं होतं, तिनं ते पुसलं. मालकाकडं पाह्यलं. आन् मले ज्या आवाजात म्हने त्याच आवाजात म्हने, "मंग हात तुहाच वाईट हाय, बापू."

ती माह्या बाजूनं झाली असं समजू नोका. तिची रीत होती, ज्याचा हात त्याचा दोष. त्या दिवशी ती रीत तिच्या पोराच्या अंगावर गेली, बस.

मालकानं बुढ्याले झटकून देलं. हँडल वर केलं. आईसमोर उभे राह्यले. मी समजली का आता ही मरते. हात वरच राह्यला. मंग असा वरडले का तसं मानसाचं वरडनं मी पुन्हा ऐकलं नाई, आन् जिपीवर तुटून पडले. काच फोडली. दिवे फोडले. बोनट उघडंच होतं, पुढं रेडिएटर उकळून राह्यला होता, त्यावर दोन्ही हातानं हँडल घातलं. देर म्हनाले गेला, "दादा, पानी..."

उकळतं पानी फवाऱ्यासारखं निघालं. छाती, गळा, दोन्ही हात. मालक रस्त्यावर लोळले. सदरा काढाले गेले तं कातडंच संगं आलं.

बुढी म्हने, "अवं पोरी, कळशी कुठी हाय?" कळशी मांगं होती, आडवी होऊन अर्धी सांडलेली. माहा एक हात लोंबून राह्यला होता, दुसऱ्या हातानं मी कळशी धरली आन् त्याईच्या अंगावर पानी वतलं. संपेपर्यंत वतलं. त्याईनं माह्याकडं पाह्यलं. मी रिकामी कळशी खाली ठेवली.

एका बैलगाडीनं आमाले मानोऱ्याच्या दवाखान्यात नेलं. मालक, सासू, देर आन् मी, चौघंबी एकाच गाडीत, कन्हत. बुढाबुढी पायानं लग्नाले गेले. कांदे ज्याले सापडले त्यानं नेले.

माहा खांदा वाकडाच जुळला. मालकाच्या हाताचं कातडं आखडलं, बोटं पुरी मिटत नोती. जीप दुरुस्त झाली ते देरानं केली. नवा पिस्टन, थंडे प्लग, आन् टाकीत घासलेटाचा थेंब नाई. सकाळी चट चालू होये. बोज्यावरबी ठोके नाई. सासूनं मंग मरेपर्यंत मालकाले प्लगाले हात लावू देला नाई. ते जिपीजवळ गेले का ही अंगनातून वरडे, "दूर हो बापू, तुहा हात नोको." ते दूर होत.

मार बंद झाला असं मी लिहिनार नाई. भाजीत मीठ जास्त झालं, मागून झालेलं लेकरू रडलं, का पडला. पन मूठ वळत नोती म्हनून कमी लागे. आन् जिपीपायी पुन्हा कधी पडला नाई. मी जित्ती राह्यली. मालक जाऊन लय वर्सं झाले, देरबी गेला. मी हाय.

वाचनाऱ्याले माहं एकच मांगनं हाय. घरची गाडी म्हना, पंप म्हना, बंद पडला तं आदी प्लग खोलून पाहा. काळा असन तं तेलात भेसळ हाय. पांढराफट असन तं गरम प्लग काढा, थंडा लावा. बदामी असन तं प्लग बरोबर हाय, दुसरीकडं पाहा. तरीबी नाई समजलं तं मिस्त्री बोलवा. घरच्या बाईले हात नोका लावू.